मोट्टै माडीवरचा लोंबलेला पाइप

तमिळमध्ये गच्चीला ‘मोट्टै माडी’ म्हणतात. मोट्टै म्हणजे तुळतुळीत भादरलेलं डोकं. वर छप्पर नाही, आडोसा नाही, नुसती उघडी फरशी. कुंभकोणमच्या अशाच एका माडीवर मे महिन्यात दुपारी चार वाजता मी अनवाणी गेलो आणि उड्या मारत पाण्याच्या टाकीची सावली गाठली. बघायचा होता एक पाइप. करड्या रंगाचा, इंचभर जाडीचा, चार वर्षांपूर्वी बसवलेला. दोन क्लॅम्पच्या मधे तो वाळत घातलेल्या ओल्या धोतरासारखा खाली झोळला होता आणि पलीकडच्या एल्बोच्या तोंडातून तिरका होऊन निसटला होता. टाकी रात्रीतच रिकामी झाली होती.

“हा गार पाण्याचा आहे बरं का,” आमचे स्नेही म्हणाले. “गरम पाण्याला आम्ही चांगल्यातला घातलाय. त्याला काही झालेलं नाही. गार पाण्याचा पाइप वितळतो कसा?”

स्नेही निवृत्त शिक्षक आहेत. घरात मराठी, तीही तंजावरची. व्यंकोजीराजांच्या मागोमाग कावेरीच्या खोऱ्यात येऊन राहिलेल्या कुटुंबांतलं त्यांचं एक. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचं दिवाणपद भूषवणारे सर टी. माधवराव १८२८ साली याच गावात जन्मले, हे ते पहिल्या भेटीत सांगतात आणि दुसऱ्या भेटीतही. त्यांच्या मराठीत तमिळ शब्द सहज मिसळतात. पाइपाला ते ‘कुळाय’ म्हणतात आणि तोटीलाही कुळायच. हसू नये, कारण आपणही दोन्हींना नळच म्हणतो.

नळांचा विषय त्यांच्या घरात सध्या ऐरणीवर आहे, कारण २०२८ साली महामहम आहे. आपल्या नाशिकच्या सिंहस्थासारखाच तोही गुरू सिंहेत आला की बारा वर्षांनी भरतो. मागचा २०१६ च्या फेब्रुवारीत झाला. महामहम कुळम, म्हणजे तिथलं तळं, त्यांच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. साहजिकच तेव्हा नात्यागोत्यातली माणसं अंघोळीला तळ्यावर आणि मुक्कामाला यांच्याकडे असतात. त्याआधी घरभर नवे पाइप घालायचे असं ठरलं आहे. आतले पाइप अजून जुने लोखंडी, जस्ताचा मुलामा दिलेले, म्हणजे प्लंबरच्या भाषेत जीआय. त्यातला एक अर्ध्या इंची तुकडा मी हातात घेऊन बघितला. आत गंज आणि क्षार यांची इतकी पुटं बसली होती की पेन्सिलसुद्धा जेमतेम गेली असती. आता प्रश्न एवढाच, की बदली कोण? करडा पीव्हीसी, मळकट पांढरा सीपीव्हीसी, हिरवा पीपीआर की वळणारा पेक्स? दुकानदार प्रत्येकाबद्दल एकच वाक्य म्हणतो : पन्नास वर्षं बघायला नको.

पाइप फुटला की पहिला संशय दाबावर जातो. तो आधी निकालात काढू. पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब. यांची टाकी तळमजल्याच्या नळापेक्षा सातेक मीटर उंच, म्हणजे तिथे दाब ०.७ किलो. गच्चीवर, जिथे पाइप लोंबला, तिथे तर टाकीच्या तळाखाली जेमतेम हातभर अंतर. दाब जवळजवळ नाहीच. याउलट घरगुती वापराचा एसडीआर ११ जातीचा सीपीव्हीसी पाइप २३ अंश सेल्सियसला सुमारे २८ किलो दाब दीर्घकाळ सोसतो अशी त्याची प्रत ठरलेली आहे. (एसडीआर म्हणजे बाहेरचा व्यास भागिले भिंतीची जाडी. आकडा लहान तितका पाइप जाड. दुकानात हा आकडा विचारणारं गिऱ्हाईक आलं की दुकानदाराची बोलण्याची पद्धत बदलते, हे मी अनुभवलं आहे.) म्हणजे गरजेच्या चाळीसपट ताकद. टाकीवर चालणाऱ्या आपल्या घरांत नुसत्या दाबाने धडधाकट पाइप फुटणं ही फार दुर्मीळ गोष्ट आहे.

मग उरते उष्णता. पीव्हीसी म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्यांचा, शेवयांच्या लगद्यासारखा गुंता. साखळीत एकाआड एक कार्बनला क्लोरीनचा एक अणू चिकटलेला असतो आणि वजनात क्लोरीन जवळजवळ ५७ टक्के भरतो. थंड असताना या शेवया एकमेकींना घट्ट धरून राहतात. तापमान ८० अंशांच्या आसपास गेलं की त्या एकमेकींवरून सरकू लागतात आणि कडक पाइप मऊ होतो. आता याच साखळीत आणखी क्लोरीन घुसवला आणि तो ६७ टक्क्यांपर्यंत नेला तर काय होईल? क्लोरीनचा अणू अंगाने थोराड. तो साखळीला वळू-सरकू देत नाही. त्यामुळे मऊ पडण्याचं तापमान ११५ अंशांच्या वर जातं. हाच सीपीव्हीसी. पहिलं ‘सी’ म्हणजे क्लोरीन वाढवलेला. एवढ्या एका फेरफाराने पाइप गिझरला जोडण्याच्या लायकीचा होतो.

पण ८० अंशांपर्यंत पीव्हीसी सुखरूप असतो असं समजणं चुकीचं. मऊ पडण्याच्या खूप आधीपासून त्याची ताकद ओसरत असते. २३ अंशांना पीव्हीसी पाइपाची ताकद १०० धरली, तर ३८ अंशांना ६२ धरायची, ४९ ला ४० आणि ६० ला अवघी २२. सीपीव्हीसीचंही तेच, फक्त उतार मंद. २३ अंशांना २८ किलो पेलणारा पाइप ८२ अंशांना ७ किलोवर येतो. कावेरीकाठी मे महिन्यात सावलीतलाच पारा ३७-३८ च्या घरात असतो. उघड्या माडीवर उन्हात पडलेला करडा पाइप सहज पन्नाशी ओलांडतो. वर अतिनील किरणं त्याच्या साखळीतून हायड्रोजन आणि क्लोरीन काढून नेतात. तो आधी पिवळट-तपकिरी पडतो, मग ठिसूळ होतो. पांढऱ्या पाइपात घातलेला टायटॅनियम डायॉक्साइड किरणं थोपवतो, पण तोही अमरपट्टा घेऊन आलेला नाही. ज्यांना काही करता येत नसेल त्यांनी निदान पाण्यात मिसळणारा पांढरा रंग पाइपाला फासावा.

इतकं बोलून झाल्यावर स्नेह्यांनी शिक्षकी पेशाला शोभेल असा पेच टाकला. “ऊन तर सगळ्या माडीवर आहे. बाकीचा पाइप सरळ आहे. इथेच का?”

‘इथेच’ म्हणजे सौर बंबाच्या गार पाण्याच्या तोंडाशी. मी विचारलं, घरात कोणी नव्हतं का मधे? होय, आठ दिवस सगळे लग्नाला चेन्नईला गेले होते. तिथे उलगडा झाला. आठ दिवस कोणी गरम पाणी काढलं नाही आणि ऊन मात्र रोज पाणी तापवत राहिलं. बंबाची दोनशे लिटरची टाकी वरपासून तळापर्यंत तापली. पाणी ३० अंशांवरून ८० अंशांवर गेलं की जवळपास अडीच टक्के फुगतं. दोनशे लिटरला पाच लिटर. हे पाच लिटर जाणार कुठे? गार पाण्याच्या पाइपातून उलटं, वरच्या टाकीकडे. इंची पाइपात एक लिटर पाणी दोन मीटर लांब पसरतं. म्हणजे गार म्हणून बसवलेल्या पाइपात रोज दुपारी कित्येक मीटरपर्यंत कढत पाणी शिरत होतं. आत कढत पाणी, बाहेर ऊन, मधे साधा पीव्हीसी आणि क्लॅम्प चार-चार फुटांवर. तो लोंबला यात नवल नाही, आठ दिवस थांबला हेच नवल. बंबाच्या तोंडाशी पहिले दीड-दोन मीटर धातूचा किंवा निदान सीपीव्हीसीचा पाइप हवा होता. बसवणाऱ्याने ‘गार लाइन’ हे दोन शब्द ऐकले आणि स्वस्तातला घातला.

आता त्या पन्नास वर्षांकडे वळू. पन्नास वर्षं म्हणजे चार महामहम आणि वर दोन वर्षं. हिरवा पीपीआर, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा पाइप तर बाजारात येऊनही घरोघरच्या भिंतीत इतका काळ काढलेला नाही. मग हा आकडा आला कुठून?

तो आकडा येतो प्रयोगशाळेतून आणि त्यामागची युक्ती मला प्लास्टिकपेक्षाही आवडते. पाइपाचे हातभर तुकडे घ्यायचे, दोन्ही तोंडं बंद करायची, आत पाणी भरून दाब द्यायचा आणि गरम पाण्याच्या हौदात बुडवून ठेवायचे. काही २० अंशांना, काही ६०, काही ८०, काही ९५. दाबही वेगवेगळे. मग वाट बघत बसायची. जास्त तापलेले, जास्त दाबाचे तुकडे काही तासांत फुटतात, बाकीचे काही महिन्यांत. जवळजवळ १०,००० तास, म्हणजे सव्वा वर्षाच्या आतबाहेर, हा खेळ चालतो. प्रत्येक तुकडा कधी फुटला हे विशिष्ट पटीच्या कागदावर मांडलं की ठिपके बऱ्यापैकी सरळ रेषेत पडतात. उष्णतेने घटना लवकर घडतात, म्हणून ९५ अंशांवरचं एक वर्ष कमी तापमानावरच्या कित्येक वर्षांची बातमी देतं. ती रेषा पुढे वाढवून पन्नास वर्षांवर काय दाब पेलेल ते वाचायचं. आंतरराष्ट्रीय मानकात ही रीत घालून दिलेली आहे. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनच्या कुळात या रेषेला पुढे एक गुडघा येतो. तिथपर्यंत पाइप फुगून फुटत असतो, पुढे तो न फुगता तडकू लागतो आणि रेषा एकदम खाली वाकते. चाचणीचं खरं कसब हा गुडघा पन्नास वर्षांच्या अलीकडे येतो की पलीकडे हे ओळखण्यात आहे.

म्हणजे ‘पन्नास वर्षं’ हे वचन खोटं नाही, सशर्त आहे. घरगुती गरम पाण्याच्या एका ठरलेल्या वर्गात ते असं मोडलेलं असतं : ७० अंशांवर ४९ वर्षं, ८० अंशांवर एकूण एक वर्ष, आणि काही बिघाड झालाच तर ९५ अंशांवर उभ्या आयुष्यात मिळून १०० तास. शंभर तास! थर्मोस्टॅट चिकटलेला गिझर किंवा उन्हाळ्यात कोणी पाणी न काढलेला सौर बंब दिवसाला पाच तास त्या तापमानाला गेला, तर पन्नास वर्षांची शिल्लक वीस दिवसांत संपली. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत असलेली ही अट दुकानदार सांगत नाही, कारण बहुधा त्यालाही ती कोणी सांगितलेली नसते.

प्रयोगशाळेला न दिसलेली गोष्ट घरात दिसते, याचा मोठा दाखला अमेरिकेत आहे. तिथे १९७८ पासून लाखो घरांत पॉलिब्युटिलीनचे पाइप बसले. वळणारे, स्वस्त, भराभर बसणारे. काही वर्षांत गळती सुरू झाली. नळाच्या पाण्यातला जंतुनाशक क्लोरीन पाइपाला आणि त्याहून जास्त त्याच्या ॲसिटल प्लास्टिकच्या फिटिंगना आतून खात होता. १९९५ साली दाव्यात ९५ कोटी डॉलरची तडजोड झाली आणि तो पाइप बाजारातून गेला. दाब नाही, भूकंप नाही, नुसतं रोजचं पिण्याचं पाणी.

त्या गोष्टीतलं ‘त्याहून जास्त फिटिंगना’ हे मला महत्त्वाचं वाटतं. कारण आपल्याकडेही भिंतीला ओल आली आणि लादी फोडली, की आत बहुधा पाइप शाबूत आणि जोड गेलेला असतो. साहित्यांची तुलना करणारे तक्ते पाइपाबद्दल बोलतात, जोड बसवणाऱ्या हाताबद्दल नाही.

सीपीव्हीसीचा जोड प्लंबर ‘सोल्युशन’ लावून करतो. लोक त्याला गोंद समजतात. तो गोंद नाही. त्यातलं द्रावण दोन्ही पृष्ठभाग क्षणभर विरघळवतं, पाइपाच्या शेवया फिटिंगच्या शेवयांत गुंततात आणि द्रावण उडून गेलं की दोन्ही मिळून एकच तुकडा होतो. म्हणून पाइप काटकोनात कापायचा, कापलेली कड तासायची, सोल्युशन दोन्हींना लावायचं, आत सारताना पाव वळसा द्यायचा आणि अर्धा मिनिट दाबून धरायचं. फिटिंगचं तोंड आत निमुळतं असतं, न धरल्यास पाइप हळूच मागे सरतो. गरम वाऱ्यात सोल्युशन ब्रशवरच वाळतं, म्हणून उन्हाळ्यात हे काम सकाळी करावं. डबा घट्ट जेलीसारखा झाला असेल तर थिनर ओतून जिवंत करू नये, फेकून द्यावा.

पीपीआरचा जोड याच्या बरोबर उलट. इथे द्रावण नाही, उष्णता आहे. यंत्राच्या साच्यावर २६० अंशांना पाइप आणि फिटिंग दोन्ही तापवायची. २० मिलिमीटरच्या पाइपाला पाच सेकंद, २५ च्या पाइपाला सात. मग सरळ आत सारायचं आणि अजिबात फिरवायचं नाही. सेकंद कमी पडले तर जोड कच्चा, जास्त झाले तर वितळलेलं प्लास्टिक आत गोळा होऊन भोकच अरुंद. आयुष्यभर सीपीव्हीसीला पाव वळसा दिलेल्या हाताला पीपीआर दिला की हात सवयीने वळसा देतो आणि चांगला जोड बिघडतो. नीट केलेला पीपीआरचा जोड मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो, पण गावात तो नीट करणारी माणसं किती, हे आधी मोजावं. शिवाय पीपीआर तापला की फार वाढतो. सहा मीटरचा पाइप ४० अंशांनी तापला तर जीआय तीन मिलिमीटर वाढतो, सीपीव्हीसी पंधरा-सोळा, आणि साधा पीपीआर तब्बल छत्तीस. मधे ॲल्युमिनियमचा किंवा काचतंतूंचा थर असलेला घेतला तर हे बरंच आवरतं. तांब्याच्या बंबातून येणारं गरम पाणी मात्र पीपीआरला मानवत नाही. तांब्याचे कण पॉलिप्रॉपिलीनचा ऱ्हास वाढवतात.

पेक्स म्हणजे साखळ्या आडव्या टाक्यांनी शिवलेलं पॉलिएथिलीन. टाक्यांमुळे ते तापूनही वितळत नाही. वेटोळ्यातून सलग येतं, म्हणून भिंतीत जोड जवळपास शून्य. दोन शत्रू : ऊन आणि उंदीर. कुंभकोणमच्या जुन्या लाकडी माळ्यांवर दुसऱ्याची कमतरता नाही, तेव्हा तो विषय तिथेच मिटला.

शिशाचं सांगायला हवं. पीव्हीसी बनवताना उष्णतेत तो करपू नये म्हणून पूर्वी शिशाची संयुगं सर्रास घालत. केंद्र सरकारने २०२१ साली ती हटवण्यासाठी नियम काढले. घरातला पिण्याच्या पाण्याचा पीव्हीसी त्याआधीचा असेल तर सकाळचं पहिलं, रात्रभर पाइपात साचलेलं पाणी बागेला द्यावं.

स्नेह्यांनी शेवटी सीपीव्हीसी ठरवला, कारण त्यांच्या प्लंबरचा हात त्यावर बसलेला होता. पाइपावर छापलेला ‘आयएस १५७७८’ हा क्रमांक त्यांनी चष्मा कपाळावर सारून स्वतः वाचला. काम सुरू झालं आणि दुसऱ्या दिवशी प्लंबर स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, “कोंजम एण्णै.” थोडं तेल. पितळी आटे घट्ट बसावेत म्हणून तागाला तेल लावायची त्याची पंचवीस वर्षांची सवय. मी धावत गेलो. लोखंडाला तेल चालतं, सफेदाही चालतो. सीपीव्हीसीला खाद्यतेल म्हणजे सावकाश भिनणारं विष. ताणाखाली असलेल्या प्लास्टिकमधे तेल शिरलं की काही महिन्यांनी केसासारखी चीर जाते आणि ती का गेली हे कुणालाच कळत नाही. उंदीर-वाळवीचे फवारे, तारांच्या मऊ वेष्टनातून झिरपणारी द्रव्यंही तेच करतात. तेल परत गेलं, टेफ्लॉनची टेप आली. प्लंबर माझ्यावर थोडा नाराज होता.

पितळी आट्यांचं या गावाला काही शिकवायला नको. शेजारच्या नाच्चियारकोविलच्या पितळी समया वेगवेगळ्या भागांत ओततात आणि आट्यांनी एकमेकांत बसवतात. पितळेत पितळ बसतं तेव्हा शेवटचा वळसा थोडा जास्त झाला तरी धातू सांभाळून घेतो. सीपीव्हीसीच्या फिटिंगमधे पितळी आट्यांभोवती प्लास्टिकची कड असते. तिला हा जास्तीचा वळसा सोसत नाही.

सगळे जोड झाल्यावर एक दिवस थांबून हातपंपाने लाइनला दहा किलो दाब दिला आणि भिंती उघड्याच ठेवल्या. पहिल्या तासात काटा थोडा उतरला तेव्हा स्नेह्यांचा चेहराही उतरला. पण ती गळती नव्हती. नवा प्लास्टिकचा पाइप दाबाखाली किंचित ताणला जातो आणि मग स्थिरावतो. पुन्हा पंप मारून काटा दहावर आणला. प्लंबरने तमिळ वर्तमानपत्राच्या चिंधोट्या फाडून प्रत्येक जोडाला एकेक गुंडाळली आणि आम्ही झोपायला गेलो. सकाळी अडतीस चिंधोट्यांपैकी सदतीस कोरड्या होत्या. न्हाणीघरातल्या शॉवरच्या पितळी एल्बोवरची एक ओली होती, शाई पसरलेली. पान्ह्याचा एक वळसा जास्त झाला होता. प्लंबरने काही न बोलता तो एल्बो करवतीने कापला, उजेडाकडे धरून चीर बघितली आणि खिशात टाकला. नवा लावला. आणखी चोवीस तास थांबायचं होतं. गिलाव्याला आलेला गवंडी दिवसभर ओट्यावर बसून राहिला आणि त्याची मजुरी स्नेह्यांनी कुरकुर न करता दिली.